इंदूरच्या आभाळात नसलेलं पाणी

22 ऑगस्ट 2020 च्या सकाळी साडेआठला इंदूरच्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं, तेव्हा चोवीस तासांचा आकडा अडीचशे मिलिमीटरच्या पार गेला होता. इंदुरात मिलिमीटरची भाषा कुणी बोलत नाही. रामबागेतल्या मराठी घरापासून सराफ्यातल्या पेढीपर्यंत सगळे एकच विचारतात, "किती इंच झाला?" त्या दिवसाचं उत्तर होतं, 10 इंचांहून जास्त. शहराची वर्षाची सरासरी साधारण 37 इंचांची. म्हणजे वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा, वर थोडा, एकाच दिवसात पदरात पडला. 1981 च्या ऑगस्टमधला विक्रम मोडला. 27 जुलै 1913 चा, साडेअकरा इंचांचा, तेवढा शाबूत राहिला.

आता एक साधा हिशेब करू. भर पावसाळ्यात हवा अगदी ओलीचिंब असताना इंदूरवरची, जमिनीपासून पार वरपर्यंतची सगळी हवा पिळून काढली आणि तिच्यातली वाफ थेंबन् थेंब खाली उतरवली, तर जमिनीवर किती पाणी साचेल? सुमारे 60 मिलिमीटर. अडीच इंचांच्या आतबाहेर. त्यातही कुठलाच ढग हवेला असं कोरडं ठाक पिळू शकत नाही. मग बाकीचे आठ इंच आले कुठून?

आपल्याला वाटतं, आभाळात पाणी भरलेलं असतं आणि ते रितं होतं. पण शहराच्या कुठल्याही पाण्याच्या टाकीकडे बघा. टाकीत एका वेळी मावतं किती आणि वस्ती दिवसभरात वापरते किती, याचा मेळ कधीच बसत नाही, कारण टाकीला मागून जलूदहून नर्मदेची लाइन जोडलेली असते. आभाळाचंही तेच. त्या रात्री इंदुरावर जे कोसळलं त्यातलं बहुतेक पाणी संध्याकाळी इंदूरच्या आभाळात नव्हतंच. ते दूर कुठेतरी होतं, डोळ्यांना न दिसणारी वाफ होऊन, आणि इकडे येत होतं. इकडे आधीची वाफ पाऊस होऊन खाली पडत होती आणि रिकाम्या झालेल्या जागेत मागून नवी येत होती. हवेचा तो खांब रात्रभरात चार-पाच वेळा तरी नव्यानं भरला गेला असला पाहिजे. मोठ्या पावसाचं गणित साठ्यावर चालत नाही, ओघावर चालतं. हे एकदा पटलं की पावसाच्या अंदाजाकडे बघण्याची रीतच बदलते.

नर्मदेच्या लाइनीचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जलूद इंदूरपासून सुमारे 70 किलोमीटर, खाली नर्मदेच्या काठी. तिथून पाणी विंध्याचा चढ चढवून माळव्याच्या पठारावर आणायचं तर पंप अहोरात्र चालवावे लागतात आणि विजेचं बिल पालिकेची झोप उडवतं. म्हणून तर 2023 मध्ये इंदूर महापालिकेनं 244 कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला घेतला. आभाळातली लाइन पहिल्यापासूनच सौर आहे. सूर्य समुद्राच्या पाण्याची वाफ करतो आणि त्यासाठी खर्ची पडलेली उष्णता वाफेत दडवून ठेवतो. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती उष्णता जशीच्या तशी बाहेर पडते. लिटरमागे जवळपास 0.7 युनिट विजेइतकी!

शहराच्या पावणेतीनशे चौरस किलोमीटरवर अडीचशे मिलिमीटर पाऊस सगळीकडे सारखाच पडला असं धरलं, तर पाणी झालं सुमारे 69 अब्ज लिटर आणि त्यातून मोकळी झालेली उष्णता सुमारे 48 अब्ज युनिट. सगळ्या भारताला साधारण दहा दिवस पुरेल इतकी. एका शहराच्या डोक्यावर, एका दिवसात. ही उष्णता वाया जात नाही. तिनं ढगातली हवा हलकी होते, जोरानं वर चढते आणि खालून आणखी ओली हवा ओढून घेते. एकदा जोरात लागलेला पाऊस स्वतःच आणखी पाऊस बोलावतो, तो असा.

तर ही वाफ येते कशी? पसरून, सगळीकडून सारखी, असं वाटेल. तशी ती येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रेजिनल्ड न्यूएल आणि योंग झू यांनी 1990 च्या दशकात वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वाफेचे नकाशे काढले, तेव्हा त्यात लांबच लांब, चिंचोळे पट्टे दिसले. काहीशे किलोमीटर रुंद, हजारो किलोमीटर लांब. एकेका गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत एका वेळी असे चार-पाचच पट्टे असतात, पण ध्रुवांकडे जाणारी नव्वद टक्के वाफ त्यांतूनच जाते, असं त्यांच्या हिशेबात निघालं. त्यांना वातावरणीय नद्या म्हणायची पद्धत पडली. कॅलिफोर्नियाचा मोठा पाऊस आणि मोठे पूर याच नद्या आणतात. तिथे 2019 पासून त्यांची प्रतवारीही करतात, 1 ते 5 अशी. खालच्या प्रतीची नदी कोरड्या जमिनीला उपकारक, पाचवी मात्र घातक.

अशा नदीत पाणी किती असतं? तिच्या पात्राच्या दर मीटर रुंदीतून सेकंदाला किती किलो वाफ जाते, ते मोजायचं. 250 किलोच्या वर गेली की मध्य अक्षांशांत नदी म्हणायला हरकत नाही. आपल्या मोसमी वाऱ्यांत हा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. समजा, 400 किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे आणि दर मीटरमागे 600 किलो वाफ जाते आहे. गुणाकार करा. सेकंदाला 24 कोटी किलो, म्हणजे 2 लाख 40 हजार घनमीटर पाणी. जगातली सगळ्यात मोठी नदी ॲमेझॉन. तिचा सरासरी प्रवाह सुमारे 2 लाख घनमीटर. सप्टेंबर 2023 मध्ये सरदार सरोवरातून 18 लाख क्युसेक पाणी सुटलं आणि भरूचमध्ये नर्मदा घरादारांत शिरली, तो लोंढा होता सुमारे 51 हजार घनमीटरांचा. आपल्या डोक्यावरून, आवाज न करता, कधी कधी ढगाचा पुंजकाही न दाखवता, त्या पुराच्या चौपटीहून मोठी नदी वाहत जाऊ शकते.

हा शोध अमेरिकेत लागला असं म्हणताना पुण्याचा पाषाण रस्ता माझ्या डोळ्यांपुढे येतो. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची स्थापना 1962 ची. पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. त्याच सुमारास हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम चालू होती. जहाजं, विमानं, फुगे, सगळा सरंजाम कामाला लागला होता. त्या मोजमापांवरून पिशारोटींनी 1965 मध्ये मांडलं, की पश्चिम किनाऱ्यावर येणारी वाफ विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाफेपेक्षा कितीतरी जास्त आहे, तेव्हा आपला पाऊस मुख्यतः अरबी समुद्राच्याच बाष्पीभवनातून येतो. पुढे के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि 1973 मध्ये उलट निष्कर्ष काढला: जास्तीचा वाटा विषुववृत्तापलीकडून, दक्षिण गोलार्धातून येतो. वाफेचा जमाखर्च मांडणाऱ्या या माणसांची नावं शाळेच्या पुस्तकात कुठे नाहीत, पण इंदुरात पडलेला पाऊस मादागास्करच्या बाजूनं निघाला की मुंबईसमोरच्या समुद्रातून उठला, हा वाद मला तरी कुठल्याही कादंबरीइतका रंगतदार वाटतो.

पिशारोटींच्या हिशेबाला एक मोठी वाट सापडली नव्हती. 1966 मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रमण यांनी दाखवलं, की जुलैत भारताच्या द्वीपकल्पावर, जमिनीपासून जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा एक वेगवान झोत असतो. 1969 मध्ये जे. फिंडलेटर यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. तो झोत केनियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतो. पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्याला पश्चिमेकडे सरकू देत नाहीत, म्हणून तो त्यांना खेटून, आवळून, वेग घेत सोमालियावरून उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्र आडवा कापून आपल्याकडे येतो. मोसमी पावसाची मुख्य पाइपलाइन ती ही. जूनमध्ये ती चालू होते आणि सप्टेंबरपर्यंत कधी फुगत, कधी रोडावत चालू राहते.

म्हणूनच, वातावरणीय नदी ही कल्पना भारताला लागू करावी का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे सगळीच हवा ओली असते. सगळीकडे पूर आलेला असताना नदीचा काठ कुठे संपतो हे कसं सांगणार? मग निकष कडक करावे लागतात आणि नेहमीच्या मोसमी ओघातून उठून दिसेल तेवढंच मोजावं लागतं. आयआयटी गांधीनगरच्या शांती स्वरूप महतो, विमल मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये तसं केलं. 1951 ते 2020 या काळात भारतावर आलेल्या 596 मोठ्या घटना त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यातल्या 95 टक्क्यांहून जास्त पावसाळ्यातल्या. 1985 ते 2020 मधल्या देशातल्या दहा भीषण पुरांपैकी सातांशी त्यांचा संबंध निघाला. नावाबद्दल भांडण चालू राहील, ओघाबद्दल भांडण नाही. पुण्याच्याच संस्थेत रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. कारण शोधताना बोट पुन्हा तिकडेच गेलं: अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांत मधूनच येणारी उसळी. त्यात हवा एका अंशानं तापली की तिची वाफ धरायची ताकद सात टक्क्यांनी वाढते.

अरबी समुद्राची ही वाफ कोकणात आणि सह्याद्रीवर मनसोक्त बरसते हे मुंबईकराला सांगायला नको. इंदूर मात्र किनाऱ्यापासून दूर, साडेपाचशे मीटर उंचीवर. नुसत्या पश्चिमी वाऱ्यावर इथे सरी येतात, भुरभुर होते, पण दहा इंच होत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या समुद्राला हात लावावा लागतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशातून आत शिरतं, छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशात येतं. ही भोवऱ्यासारखी फिरणारी हवा येताना बंगालचं पाणी आणते आणि वर अरबी समुद्राच्या ओघाला स्वतःकडे वळवून घेते.

इंदूरला महत्त्वाचं आहे ते भोवऱ्याचं केंद्र नेमकं कुठे आहे ते. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा क्षेत्राचा सगळ्यात मोठा पाऊस केंद्रावर पडत नाही, केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. अरबी समुद्राकडून आलेली ओली हवा आणि भोवऱ्याभोवती फिरणारं वारं तिथे एकमेकांना भिडतं, आणि हवेला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. नकाशावर केंद्र इंदूरच्या ईशान्येला आलं की इथल्या माणसानं छत्री नव्हे, तळघरातलं सामान बघावं. केंद्र शे-दोनशे किलोमीटर दक्षिणेकडून गेलं, तर तेच पाणी खंडवा-बुऱ्हाणपूरकडे किंवा खाली जळगावकडे पडतं आणि इंदूरकर हवामान खात्याला नावं ठेवत भजी खातो.

सप्टेंबर 2023 मध्ये हेच सगळं अगदी नाट्यमय झालं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशातला 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता. माळव्यात सोयाबीन करपायला लागलं, मुख्यमंत्र्यांनी उज्जैनला महाकालापुढे पावसासाठी साकडं घातलं. मग महिन्याच्या मध्यावर बंगालचं क्षेत्र मध्य प्रदेशावर आलं आणि 16 सप्टेंबरला संपलेल्या एका दिवसात इंदुरात साडेसहा इंचांहून जास्त पाऊस झाला. यशवंत सागर धरणाची दारं उघडली का, हा शहरभर एकच प्रश्न. तेच क्षेत्र नर्मदेच्या खोऱ्यावर ओतलं गेलं, आणि त्याचं पाणी उतरत उतरत भरूचला पोचलं.

असं काही येतंय हे किती आधी कळतं? इथे ओघाचा विचार फार कामाला येतो. पाऊस म्हणजे शेवटची पायरी. वाफ यायला हवी, हवा वर चढायला हवी, थेंब व्हायला हवेत, तेही नेमके इथे. यातलं काहीही चुकलं की अंदाज चुकला. ओघ मात्र वारा आणि ओल यांचा गुणाकार आहे, मोठ्या प्रदेशावर पसरलेला, सावकाश बदलणारा. संगणकाला तो जास्त लांबचा दिसतो. युरोपात डेव्हिड लाव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की हिवाळ्यात पावसाच्या अंदाजापेक्षा वाफेच्या ओघाचा अंदाज काही भागांत तीन दिवसांपर्यंत जास्त टिकतो. आपल्या मोसमी हवेत नेमके तितकेच दिवस मिळतील असं म्हणवत नाही, पण तत्त्व तेच.

हा ओघ मोजण्यासाठी रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला भोपाळमधून एक फुगा सोडतात. त्याच्या दोरीला मुठीत मावेल एवढी डबी. फुगा वर जाताना ती दर काही सेकंदांनी तापमान, ओल आणि वारा कळवत राहते आणि फुगा फुटला की कुठल्याशा शेतात पडते. असेच फुगे त्याच सुमारास सगळ्या जगात चढत असतात. वरून इन्सॅट मालिकेचे उपग्रह, त्यातला सगळ्यात नवा फेब्रुवारी 2024 मध्ये सोडलेला, वाफेची चित्रं पाठवत असतात. समुद्रावर मात्र फुगे नाहीत, आणि आपली नदी तर समुद्रावरूनच येते. अमेरिकनांनी त्यावर उपाय म्हणून चक्रीवादळात घुसणारी विमानं हिवाळ्यात पॅसिफिकवरच्या नद्यांत पाठवायला सुरुवात केली. ती वरून यंत्रं टाकत टाकत जातात. अरबी समुद्रावर असं नेमानं करायला लागलो तर सगळ्यात आधी फायदा पश्चिम भारताचा, माळव्यासकट, होईल असं माझं मत आहे.

हे सगळं शेवटी पुण्यातल्या 'अर्का' महासंगणकात जातं. मे 2025 पासून तिथे विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' 6 किलोमीटरच्या चौकोनांत देशाची हवा मांडते. आधी चौकोन 12 किलोमीटरचे होते, म्हणजे इंदुरातले राजवाडा, पलासिया आणि विजयनगर बहुधा एकाच चौकोनात बसायचे आणि संगणकाच्या लेखी तिघांचा पाऊस एकच. खरा पाऊस असा शिस्तीचा नसतो. एकाच दिवशी विमानतळाकडच्या आणि पूर्व इंदूरच्या आकड्यांत दीड-दोन इंचांचा फरक पडतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं दोन्ही आकडे छापतात. ही दरी भरायला, भोपाळ-इंदूर रस्त्यावरच्या सीहोर जिल्ह्यात, सिलखेडा गावी, पुण्याच्या संस्थेनं शंभर एकरांवर प्रयोगक्षेत्र उभं केलं आहे. मोसमी पावसाचा गाभ्याचा पट्टा बरोबर तिथूनच जातो. तिथलं रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतं, आणि परत आलेल्या लहरींच्या फरकावरून थेंब बारीक आहेत की टपोरे, ते ओळखतं. टपोरा थेंब पडताना चपटा होतो, म्हणून आडव्या लहरी तो जास्त जोरानं परतवतो! नदी समुद्रावर असताना जे प्रश्न सुटत नाहीत, ते इथे, ती जमिनीवर उतरताना, एकेका थेंबापाशी सोडवायचे आहेत.

उतरलेलं पाणी पुढे कुठे जातं, तेही पाहण्यासारखं आहे. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावरून चंबळ निघते, आणि त्याच भागातून चोरल खाली नर्मदेकडे धावते. इंदुरात पडलेला थेंब खान नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळेत, यमुनेत, गंगेत आणि बंगालच्या उपसागरात जातो. काही कोसांवर, कड्यापलीकडे पडलेला नर्मदेतून अरबी समुद्रात. कुठल्या समुद्राचं पाणी कुठल्या समुद्राला परत गेलं, याचा पत्ता ठेवणं अशक्यच.

पण धरणावर बसलेल्या इंजिनिअरला हा हिशेब टाळता येत नाही. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी नर्मदेवर धरणांची रांग आहे. कॅलिफोर्नियात लेक मेंडोसिनो या जलाशयावर, वातावरणीय नदी येतेय की नाही हे बघून पाणी सोडायचं की राखायचं ते ठरवायची पद्धत बसवली आहे. नदी दिसत नसेल तर पाणी धरून ठेवायचं, दिसली तर आधीच जागा करायची. तिकडे एक धरण, एक खोरं, एक राज्य. इकडे चार मोठी धरणं, वाटेकरी राज्यं, आणि सप्टेंबरमध्ये काठोकाठ भरलेला जलाशय हीच पुढच्या वर्षाची हमी. समजा, 12 सप्टेंबर 2023 ला संगणकानं सुरुवातीत थोडा थोडा फरक करून काढलेल्या 21 अंदाजांपैकी 14 अंदाज मोठा ओघ दाखवत असते. बाहेर करपलेलं सोयाबीन आहे, कोरडा ऑगस्ट नुकताच सरला आहे, आणि धरणाचं दार उघडायचा कागद टेबलावर आहे. 14 पुरेसे म्हणायचे की 18 ची वाट बघायची, आणि उरलेले 7 खरे ठरले तर विधानसभेत उत्तर कुणी द्यायचं, हे ठरवणारा नियम हवामानशास्त्र लिहून देत नाही. तो पाटबंधारे खात्यांनी आणि राज्यांनी, पाऊस नसलेल्या एखाद्या शांत मार्चमध्ये बसून, आधीच लिहून ठेवायला हवा.